थोरलीची जीभ

माडग्याचा दुसरा चमचा आत गेला आणि थोरलीचे डोळे फिरले. ओठ निळे पडले, छातीतून नुसती घरघर. तिची बहीण तिच्या पाठीवर थापा मारत म्हणत होती, "गिळ गं आक्का, गिळ. पातळच हाय." मी पाण्याची बाटली भरून वॉर्डात शिरले ते हे बघतच. नर्सला हाक मारली आणि पलंगाच्या पायाशी उभी राहिले. दुसरे काही करता येत नव्हते.

थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. तिच्या अर्ध्या अंगावरून वारे गेले होते, आणि घसा गिळायचे विसरला होता. तोंडातून पाणीसुद्धा द्यायचे नाही, ते फुप्फुसात जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. नाकात नळी होती, तिच्यातून जेवण जायचे. बहिणीलाही मी हे सांगितले होते. पण आमच्या लातूरकडे आजारी माणसाला हुलग्याच्या पिठाचे पातळ माडगे देतात. भाकरी घशात अडकेल, पण माडगे कसे अडकेल? पातळ ते हलके, एवढेच आम्हाला ठाऊक. बहीण एसटीत डबा मांडीवर धरून आली होती. डॉक्टर नंतर म्हणाले, अशा आजारात पातळच सगळ्यात वाईट. ते ऐकून ती जिन्यात जाऊन बसली.

थोरली आणि मी, दोघी विधवा. तिला मूलबाळ नव्हते. माझा मुलगा चाकणच्या कंपनीत लागला, त्याने आम्हा दोघींना पुण्याजवळ दिघीला आणले. तो आणि सून कामावर गेले की घरात आम्ही दोन म्हाताऱ्या. मी दार लावून झोपायची. थोरली बसच्या मार्गांची चौकशी करायची. पहिल्याच महिन्यात म्हणाली, "धाकटे, चप्पल घाल. गाव सोडलं म्हणून तोंड बांधून बसायचं का?"

तिने मला पिंपरी कॅम्पात नेले. सिंध्याच्या दुकानात कुरकुरीत पुरीवर डाळ घालून देतात, ते दाल पकवान मागवले. एक प्लेट, दोन चमचे. पहिला घास तोंडात धरून ती डोळे मिटायची आणि मध्ये कुणी बोललेले तिला चालायचे नाही. मग थेट मालकाला विचारले, "ह्यात आमचूर हाय का चिंच?"

"आजी, दुकान टाकायचंय का समोर?"

"टाकते की. तू येशील का भांडी घासायला?"

मालक हसला आणि आमचूर म्हणाला. थोरली बाहेर येऊन मला म्हणाली, "खोटं बोलतोय मेला. चिंच हाय."

तिच्या पिशवीत स्टीलची डबी असायची. हॉटेलातला थोडा पदार्थ ती त्यात घरी आणायची, तसाच करायची आणि दोन्ही वाट्या माझ्यापुढे ठेवायची. "सांग, कुठली त्याची, कुठली माझी?" मला कधी कळायचे नाही. मला तिखट आणि खारट एवढेच कळते. "तुझी जीभ म्हंजी शहाबादी फरशी," ती म्हणायची. तरी दर वेळी मलाच विचारायची. दुसरे होते कोण?

सगळे जमायचेच असे नाही. तळवड्याला आयटीवाल्या पोरांच्या गर्दीत उभे राहून आम्ही मोमो खाल्ले. घरी तिने ते ज्वारीच्या पिठाचे केले, कारण मैदा तिला पटत नव्हता. सगळे फुटले. मुलगा कंपनीतून आला, ताटाकडे बघत राहिला.

"काकू, हे काय आहे?"

"मोमो."

"हे उकडलेलं धपाटं आहे."

"मग धपाटं म्हणून खा. नाव विचारून पोट भरतंय का?"

त्याने खाल्ले. तिने केलेले कुणी टाकायचे नाही, हा घरातला नियमच होता.

माडग्यानंतर तिला न्यूमोनिया झाला. काही दिवस मशीनवर होती. मग घरी आली, नळी घेऊन. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, काहींचे गिळणे परत येते. रोज सकाळी मी तिला मान खाली घालून आवंढा गिळायला लावायची. ती खोकायची, लाळ गळायची, मी पुसायची. बोलणे अर्धे कळायचे.

तिच्यासमोर जेवू नये म्हणून मी ओट्याशी पाठ करून उभ्याने दोन घास खायची. तर तिने चालत्या हाताने भिंतीवर वाटी आपटायला सुरुवात केली. मी समोर बसून जेवावे, असे तिला हवे होते. नुसते जेवून भागेना, कसे झाले ते सांगायचे. मी सांगायची, "बरं झालंय." ती मान झटकायची. "जरा आंबट आहे." पुन्हा मान झटकायची. शेवटी मी एकटी बसने कॅम्पात गेले, दाल पकवान मागवले, तिच्यासारखे डोळे मिटले. नुसती डाळ लागली. घरी ती दाराकडे तोंड करून बसली होती.

"चिंच?" तिने विचारले. तेवढे स्पष्ट आले.

"मला नाही कळलं, आक्का."

तिने तोंड भिंतीकडे फिरवले. मी नळीतून दूध सोडले, नळी धुतली. त्यानंतरही मी जात राहिले. कळले कधीच नाही.

गिळणे परत आले नाही. माडग्यातून थोरली वाचली, आणि वर्षभर तोंडात घास न घेता जगली. मग झोपेत गेली. बहीण गावी आहे, शेळ्या राखते. मी दिघीत आहे.