भास्करच्या टाइल्स, माझे कवेलू

दुकानासमोर बाक ठेवला की किस्से गोळा होणारच. सोयाबीन पेरावं लागतं, तुरीला फवारावं लागतं; किस्से मात्र गाजरगवतासारखे, कुणी न पेरता शेताच्या धुऱ्यावर उगवतात आणि उपटले तर पुढच्या वर्षी दुप्पट!

डोणगावात माझं बी-बियाण्याचं दुकान. रस्त्यापलीकडे भास्करचं टाइल्स आणि हार्डवेअर. बाक माझा, चहा गुलाबभाईचा, आणि ज्ञानही माझंच. म्हणजे होतं. मॅट्रिकला गणितात आडवा झालो खरा, पण तेव्हापासून जे छापील हाती लागलं ते वाचून काढलं. चंद्रावर पाणी आहे का, मुंगूस सापाच्या विषानं मरतं का, कोणताही प्रश्न बाकावरून थेट माझ्याकडे यायचा. वीस वर्षं यायचा.

मग भास्करची पोरगी अंदमानला गेली आणि माझं दुकान बसलं. बियाण्याचं नाही, दुसरं!

*

भास्कर पेढे घेऊन आला. "पल्लवीले नोकरी लागली. अंदमानात!"

"काय करते तिथं?" इंगळे गुरुजींनी विचारलं. गुरुजी रिटायर झाले, पण प्रश्न विचारायची सवय रिटायर झाली नाही.

"समुद्रात प्रवाळ अस्ते ना, दगडावानी? त्याचे लेकरं मोजते."

"दगडाले लेकरं?" गुलाबभाईचा चहा ओतता हात थांबला.

मी घसा साफ केला. प्रवाळ हा दगड नव्हे, प्राणी आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं! पण मी तोंड उघडायच्या आत गुरुजी भास्करकडे वळले. "भास्करराव, जरा समजावून सांगा बरं."

भास्करला! ज्यानं सिमेंटच्या पोत्यावरचं सोडून आयुष्यात काही वाचलं नाही!

तो म्हणाला, "मले का समजते त्यातलं? पोरीलेच लावतो फोन."

आणि सगळा बाक त्याच्याकडे असा सरकला, की मी एकटाच टोकाला उरलो.

*

पल्लवी स्पीकरवर होती. तिनं सांगितलं, वर्षातून एकदा, पौर्णिमा उलटली की ठरावीक रात्री प्रवाळ आपली अंडी सोडतात. सगळे जवळपास एकाच वेळी. त्यातून तिळाएवढी अळी निघते. काही दिवस ती पाण्यावर वाहत राहते, मग घर शोधायला खाली बुडी मारते. तिला ना नाक, ना कान.

"मंग घर सापडते कसं बाई?" गुरुजींनी विचारलं.

"चवीनं म्हणा, वासानं म्हणा, गुरुजी. चांगल्या खडकावर गुलाबी शेवाळाची पापडी अस्ते, ते तिले पाण्यातूनच समजते. अन् आवाजाचा बी माग लागते म्हणतात. जिवंत खडकापाशी बारके झिंगे चटचट करून राह्यतात, कढईत मोहरी तडतडावी तसे. मेलेल्या खडकापाशी सारं चुप."

गुलाबभाई उठून उभा राहिला. "ह्यात का शिकायचं? माह्या भज्याची कढई तडतडली का तुमी येता. कढई बंद ठेवली त्या दिवशी एक तरी लेकरू दिसते काय बाकावर?"

सगळे हसले. मीही हसलो. पण मनात म्हटलं, मोहरीची फोडणी मला का नाही सुचली? मी सांगितलं असतं तर 'ध्वनिलहरी' सांगितलं असतं, आणि गुलाबभाई खाली बसूनच राहिला असता.

*

मग मीही हट्टाला पेटलो. आठ दिवस दुपारच्या मंदीत मोबाइलवर प्रवाळ वाचलं. गिऱ्हाईक खताची बॅग मागायचं, मी चष्म्यावरून बघून म्हणायचो, "थांब बे, अळी पोहून राह्यली."

नवव्या दिवशी बाकाला व्याख्यान दिलं. "आयका. ही अळी एकदा बसली का बसली! जागा चुकली तर मरन, पन उठनार नाही. तिथंच चुन्याचं घर बांधते. त्यावर पुढच्या पिढ्या. असं करत करत डोंगर!"

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "आपन कितीले बसलो होतो हो इथं?"

"साडेआठले," गुलाबभाई म्हणाला. तेव्हा बारा वाजले होते.

उठता उठता गुरुजी म्हणाले, "वा! भास्कररावच्या पोरीमुळं काय काय समजून राह्यलं!"

"भास्करच्या पोरीमुळं? मी वाचलं ना, गुरुजी!"

"हाव, पन वाचलं कोनामुळं?"

*

दिवाळीला पल्लवी घरी आली. चिखलीकडचे पाहुणे तिला बघायला आले. वडीलधारा म्हणून भास्करनं मलाही बसवलं. पोहे झाले. मुलाचे मामा जरा ऐसपैस सरकले आणि म्हणाले, "बाई, शिक्षन झालं, नोकरी झाली. आता कुठंतरी बसा. किती दिवस निवडून राह्यसान?"

भास्कर खाली बघू लागला. पल्लवी मात्र अगदी गोड आवाजात म्हणाली, "मामा, आमच्या अळीचं बी असंच अस्ते. आईनं दिलेली चरबी अंगात हाय तोवर ते जागा पारखून घेते. चरबी सरत आली का मंग भेटन तिथं बसते."

"बरं, मंग?"

"माही चरबी शिल्लक हाय."

पाहुणे चहा न घेता उठले, आणि भास्कर त्यांना वाटे लावताना माफी मागत होता की हसू दाबत होता, हे मला अजून कळलेलं नाही.

घरी आल्यावर मी पुण्याला आमच्या पोराला, नीलेशला, फोन लावला. वीस मिनिटं मी बोललो. तो चार वेळा "हं" म्हणाला. भास्करच्या घरात असली पोरगी, आणि माझ्याकडे हं!

*

परत निघताना पल्लवीनं बापाला सांगितलं, की अळ्या कशावर बसतात हे बघायला आम्ही समुद्रात फरश्या ठेवतो.

"फरश्या?" भास्कर उसळला. "अन् बापाचं दुकान असताना दुसऱ्याच्या?" त्यानं दुकानातल्या सगळ्यात चकचकीत सहा टाइल्स बांधून दिल्या. तोंड दिसावं अशा!

मला काही राहवेना. शिडी लावून गोठ्यावर चढलो, छपराची मातीची कौलं, म्हणजे आमचे कवेलू, सहा उतरवले आणि गोणपाटात गुंडाळून नेऊन दिले. "पल्लवी, हे बी ने. त्याले खरबरीत जागा आवडते."

"बराबर वाचलं, काका," ती म्हणाली.

ते दोन शब्द मी बाकाला आठ दिवस ऐकवले. बाकाचेही दोन तट पडले. गुरुजी टाइल्सकडून, गुलाबभाई कवेलूकडून.

पल्लवीनं नंतर फोनवर सांगितलं, जहाजावर चढताना तपासणीवाल्यानं तिचं गोणपाट उघडलं. "ये क्या है?"

"मेरे काका के गोठे का छप्पर."

त्यानं एक कवेलू उलटून पाहिला. मग म्हणाला, "और भैंस? पीछे से आ रही है?"

*

फरशी टाकली आणि अळी बसली, असं नसतं. आधी महिना-दोन महिने फरशी समुद्रात मुरावी लागते, अंगावर शेवाळ धरावं लागतं. मग ती पौर्णिमा, मग बसलेल्या अळ्या मोठ्या व्हायची वाट. मी भास्करला रोज विचारायचो, "काही फोन?" तो म्हणायचा, "हाव, आला ना. जेवली म्हने." अरे, फरशीचं विचार!

मधेच अवकाळी आला. गोठ्याचं ते भोक मी बुजवलंच नव्हतं. बायको डोक्यावर पोतं घेऊन दुकानात आली आणि भर गिऱ्हाइकात म्हणाली, "तिकडं तुमचे कवेलू भिजून राह्यले, इकडं माही म्हैस! तिच्यावर काही बसलं तर मोजाले या."

*

शेवटी फोन आला. भास्करनं तो बाकावर ठेवला. गुलाबभाईनं स्टोव्ह बंद केला, आवाज नको म्हणून.

"काकांच्या कवेलूवर त्रेसष्ट," पल्लवी म्हणाली. "बाबाच्या टाइल्सवर नऊ. ते बी मागच्या खरबरीत बाजूनं. चकचकीत बाजूवर एक बी नाही."

गुलाबभाई ओरडला. गुरुजींनी उठून माझा हात हातात घेतला. वीस वर्षांचा बाक एका फोनवर परत मिळाला! पण मला घाई होती ती भास्करचं तोंड बघायची. सहा महिने मी त्या तोंडाची वाट बघत होतो.

तोंड दिसलंच नाही. तो फोन उचलून रस्त्याच्या मध्यावर गेला होता आणि मेहकरला साळ्याशी बोलत होता. "बहात्तर! हाव, बहात्तर लेकरं!"

त्यानं दोन्हींची बेरीज केली होती!

मी जाऊन त्याचा खांदा धरला. "अबे भास्कर, समजून घे. त्रेसष्ट माहे. तुहे नऊ. तू हारला!"

"हाव ना. हारलो."

"मंग काऊन नाचून राह्यला?"

त्यानं फोन छातीशी धरला. डोळे भरलेले. "तिळाएवढे रे सुधाकर. दुर्बिणीखाली धरून, एक एक. मोजले कोनं?"