मामांची नऊ बेटं

कुवेतला नऊ बेटं आहेत हे तिथल्या शाळकरी पोरांना माहीत नसेल, पण लंडनच्या हॅरोमधल्या झाडून साऱ्या मराठी माणसांना ती तोंडपाठ आहेत, आणि हे पाप आमच्या हिच्या मामांचं आहे. उमेदीची वर्षं मामा तिथल्या बंदरात नकाशे काढत होते. इथे येऊन जमाना झाला, मामीही गेल्या, तरी त्यांच्याकडे चहा हवा असेल तर आधी बेटं म्हणावी लागतात, उत्तरेकडून दक्षिणेकडे. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून, मग चहाचं काय व्हायचं ते होवो. स्वयंपाकघरातले नऊ डबेसुद्धा आकारानुसार बेटंच. तांदळाचा डबा बुबियान, हिंगाची डबी कारूह. एकदा त्यांनी फोनवर "बुबियान संपलं" म्हणून सांगितलं, तेव्हा मी घाबरून बातम्या लावल्या होत्या.

मागच्या मंगळवारी मात्र मी त्यांना मेमरी क्लिनिकला, म्हणजे स्मरणशक्ती तपासणाऱ्या दवाखान्यात, नेलं. मामा दोनदा गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते. रिपोर्ट वाईट आला तर त्यांची मुलगी त्यांना कायमचं मँचेस्टरला आपल्या घरी नेणार होती.

"जावईबापू, तिथे मला कोण ओळखतं?" एवढंच ते वाटेत म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगायला सांगितले. प्राणी कुणीही सांगेल, आधी बेटं ऐका, असं मामांनी त्यांना इंग्रजीत सुनावलं. बाई हसून बरं म्हणाल्या.

"वारबा, बुबियान, मिस्कान..."

मामा थांबले. फैलका, मी मनात ओरडत होतो. दर शुक्रवारी ते मामींना फेरीबोटीने जिथे न्यायचे, ते फैलका. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी, भेकड माणूस, बुटांकडे बघत बसलो. मग ते फैलका गाळून थेट पुढच्या औहावर गेले आणि तिथून न अडखळता शेवटापर्यंत.

"लव्हली," बाई म्हणाल्या. मग प्राणी झाले, चित्रं झाली. रिपोर्ट पत्राने येणार होता.

गाडीत बसल्यावर मामांनी पट्टा लावला नाही.

"आठच झाली ना?"

"हो."

"सांगू नका. मी आठवून काढतो."

मीही गाडी सुरू केली नाही. इतक्या वर्षांत त्यांची इतकी थट्टा केली, पण त्या क्षणी मला त्यांच्याविषयी फार माया वाटली. पार्किंगची वेळ संपत आली होती.

"तुमच्या मामी तिथे चपला हातात घेऊन पाण्यातून चालायच्या," मामा म्हणाले. "ते सगळं दिसतंय हो. नाव तेवढं येत नाही."