प्राचीची एकादशी आणि वजनाचा काटा

निम्मी दुपटी दोरीवर गेली होती, निम्मी अजून बादलीतच होती, तेवढ्यात सगुणाबाईंनी आतून हाक मारली की खिचडी निवतेय. सोनिवलीच्या त्या घरात सासूबाईंना दुसरी हाक मारावी लागत नसे. प्राची ओल्या हातांनीच आत गेली.

उद्या अंबरनाथला कुस्तीची जिल्हा निवड होती, बाळंतपणानंतरची तिची पहिलीच. वाढलेलं वजन तिनं धावून धावून जुन्या गटापर्यंत उतरवलं होतं. सगुणाबाईंनी शब्द दिला होता, निवड झाली तर तान्ह्या ऋतिकाला त्या वर्षभर सांभाळतील. नाही झाली तर कुस्ती खुंटीला. त्यात आज नेमकी एकादशी. सासूबाई म्हणाल्या, उपास धर, पुण्य लागेल नि वजनही उतरेल. प्राचीला पटलं. देवाचं आणि आपलं काम एकाच फेरीत होतंय, तर कोण नाही म्हणेल?

पण अंगावर पिणारी पोर असलेल्या सुनेला सगुणाबाई उपाशी ठेवतील होय? सकाळी तुपातली खिचडी, दुपारी रताळ्याचा कीस, वर शेंगदाण्याचे लाडू. प्राची नको म्हणाली की त्या म्हणत, उपासाचं अंगी लागत नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात, ते काही उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी काट्यानं सगळी चहाडी केली. थोडंसंच, पण जास्त भरलं. तिचे वस्ताद श्यामकांत सर दाराबाहेरच उभे होते. ते म्हणाले, "उपास केलास की पारणं?"

वेळ संपेपर्यंत कितीदाही काट्यावर चढता येत होतं. प्राचीनं केसांचे चाप काढले, जोडवी काढली, जिना चढून उतरून घाम गाळला. तरी आकडा हटेना. त्यात बाहेर ओट्यावर, सोबत आलेल्या सगुणाबाईंच्या मांडीतल्या ऋतिकानं भोकाड पसरलं. आई, आत्ता नको, वेळ संपत आली, असं प्राची सासूबाईंना काकुळतीनं म्हणाली.

"पयले पोरीला घे. काटा कय पलून जात नाय."

प्राची धुसफुसत कोपऱ्यात बसली. राग खिचडीवर होता, पण दाखवायचा कुणाला? ऋतिका दोन्ही बाजूंनी पोटभर प्यायली, ढेकर देऊन झोपली. प्राची शेवटचं म्हणून काट्यावर चढली. वजन बघणाऱ्या बाईंनी दोनदा वाकून आकडा पाहिला आणि मान डोलावली. जास्तीचं होतं ते लेकीनं पिऊन टाकलं होतं.

मग गादीवर तिनं उल्हासनगरच्या तगड्या पोरीचा पट काढला आणि तिला चीत केलं. निवड झाली. ओढाताणीत जुना पोशाख तेवढा खांद्यात उसवला.

घरी जाताना सगुणाबाई रिक्षात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होत्या, एकादशी पावली म्हणून. प्राची म्हणाली, पुढच्या एकादशीला मी नुसतं पाणी पिणार.

"मंग पोर काय पिल?"

सासूबाईंनी शब्द मात्र पाळला. सोमवारी सकाळी ऋतिका आजीच्या कडेवर आणि प्राची उल्हासनगरच्या कॅम्प तीनला, नवा पोशाख शिवायला टाकायला.