बाबांना सांगितलेला टीबी

बाबा गेल्याची तार अकोल्याला आली तेव्हा मी आधी रडलेच नाही. संतापले. दीड महिना झाला, अजून तो संताप उतरत नाही...

बाबा अमरावतीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होते. भारी चिकित्सक माणूस! वरूडची संत्री दारावर आली तरी फोड चाखल्याशिवाय टोपली उतरवू द्यायचे नाहीत. सत्तरी ओलांडूनही खणखणीत होते. गेल्या वर्षी खोकला हटेना म्हणून दादानं नागपूरला नेऊन छातीचा फोटो काढवला. डॉक्टरांनी आम्हा बहीणभावाला बाजूला घेतलं. कॅन्सर आहे, पण अजून फुप्फुसाच्या एका कोपऱ्यातच आहे. ऑपरेशन करून तेवढा भाग काढला तर मुळापासून जायची आशा, मात्र या वयात टेबलावरच काही होऊ शकतं. नाहीतर मुंबईला नेऊन किरणांचा शेक द्यायचा. त्यात धोका कमी, आणि भरवसाही कमी. "त्यांनाही विचारा," डॉक्टर म्हणाले.

विचारणार कसं? आईनं ऐकताच पदर तोंडात कोंबला. "त्यायले सांगू नोका रे, नाव आयकूनच जीव सोडतीन." मग दादानं टीबी सांगायचं ठरवलं. मी भांडले, "अरे, जीव त्यांचा, ठरवू दे ना त्यांना!" तर आईनं मला गळ्याची शपथ घातली.

आणि बाबांनी ठरवलंच! दोन्ही उपाय नीट ऐकून घेतले आणि हसले. "टीबीच्या त आता गोळ्या निघाल्या. मंग माही छाती कावून फाडून राहिले रे? अन् शेक घ्यायले मुंबईले कायले जाऊ?" काय चुकलं होतं त्यांचं? टीबीसाठी अगदी बरोबर बोलले. दादानं किती विनवण्या केल्या, पण बाबा हलेनात. शेवटी त्यानं ताकदीच्या गोळ्या आणून दिल्या, आणि टीबीच्या समजून बाबा त्या वेळच्या वेळी घेत राहिले.

आईची जन्माची रीत होती, बाबांचं जेवण झालं की त्यांच्याच ताटात वाढून घ्यायचं. बाबांनी ती मोडली. "अवं, दूर राय. तुले लागन हे." लागणारं काही नाही हे ती जाणून होती, पण बोलणार कुठल्या तोंडानं? वेगळं ताट घेऊन ती दाराबाहेर बसायची. आत ते दिवसेंदिवस वाळत गेले...

परवा अमरावतीला गेले. आई स्वयंपाकघरात एकटीच, बाबांच्या ताटात जेवत होती. मी दारात थबकले, तशी मान वर न करता म्हणाली, "आता कोन मना करते मले?"