बरणीवरचा आत्तींचा फोटो

माझ्या सासूबाई शिराळ्याजवळच्या गावात राहतात आणि मी नवऱ्याबरोबर सांगलीत, विश्रामबागला. त्यांना मी आत्ती म्हणते. आत्ती शेंगदाण्याची चटणी उखळात कांडून करतात. माझा धाकटा दीर फौजेत आहे. सुट्टी संपवून जाताना तो चटणीचा डबा न्यायचा आणि पोचल्या पोचल्या त्याचे दोस्त तो फस्त करायचे. पुढं पुढं ते दोस्तच घरी फोन करून चटणी मागायला लागले, तेव्हा मी म्हटलं, ‘‘आत्ती, आपण ही विकूया.’’

‘‘चटणी काय इकायची गोष्ट हाय व्हय?’’ असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. दुसऱ्या दिवशी मात्र शेजारणीला दाणे भाजायला बोलावलं.

सुरुवातीला मी कागदाच्या पट्ट्यांवर हातानं लिहून त्या डिंकानं बरण्यांना चिकटवत होते. एक पट्टी ‘तिखट’ आणि एक ‘मध्यम’. शेंगदाण्याचं तेल सुटायचं, बरणी बाहेरून ओशट व्हायची आणि पट्टी गळून पडायची. मग कुठली बरणी कुठली, हे झाकण उघडून चाखल्याशिवाय कळत नसे. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांनी मध्यम मागितली होती. संध्याकाळी ते हातात पाण्याचा तांब्या घेऊनच जिना चढून वर आले. बोलता येत नव्हतं, म्हणून नुसतं बरणीकडं बोट दाखवत राहिले.

त्यानंतर मी कराडला स्टिकर छापणाऱ्याकडं गेले. तेलानं न सुटणारे स्टिकर त्यानं करून दिले, गुंडाळ्याच्या गुंडाळ्या. फोटोची जागा रिकामी वाटली म्हणून त्यानं त्याच्या संगणकातला कुठल्या तरी बाईचा तयार फोटो टाकला. नऊवारी, नथ, गालावर खळी. ते स्टिकर लावलेल्या बरण्या घेऊन आम्ही दोघं गावी गेलो, तेव्हा आत्तींनी एक हातात घेतली, चष्मा पुसला आणि विचारलं, ‘‘ही कोन बया?’’

‘‘कुणी नाही आत्ती. नुसता शोभेचा फोटो आहे.’’

‘‘माज्या चटणीवर हिचं काय काम? हिनं कवा उखळ बघितलंय का? नखं बघ की हिची!’’

‘‘मग तुमचाच टाकूया का?’’

आत्ती तडक घरात गेल्या. मला वाटलं, रागावल्या. थोड्या वेळानं काठपदराची साडी नेसून, कुंकू रेखून बाहेर आल्या आणि गोठ्याच्या भिंतीपुढं उभ्या राहिल्या. नवरा मोबाईल धरून म्हणाला, ‘‘आई, जरा हस की.’’

‘‘कामाच्या वक्ताला कोन हसतंय?’’

त्यामुळं बरणीवर आल्या त्या कपाळाला आठ्या घातलेल्या आत्ती. मला धाकधूक होती, पण खप वाढला. लोक दुकानात जाऊन ‘त्या रागावलेल्या आजींची चटणी द्या’ असं मागायला लागले.

विश्रामबागेतल्या एका मोठ्या दुकानानंही बरण्या ठेवल्या. आत्ती डोळे तपासायला सांगलीत आल्या, तेव्हा म्हणाल्या, ‘‘चल, बघू तरी कशा मांडल्यात.’’ बघितलं तर दुकानानं प्रत्येक बरणीवर आपला बारकोडचा स्टिकर लावलेला, तोही नेमका आत्तींच्या तोंडावर. खाली फक्त हनुवटी दिसत होती. आत्तींनी एक बरणी उचलली आणि नखानं तो स्टिकर खरवडायला सुरुवात केली. तिथं कामाला असलेली मुलगी धावत आली.

‘‘आजी, ते काढू नका!’’

‘‘का? माज्या तोंडाव लावलंय, मी काढायचं न्हाई तर कुनी काढायचं?’’

एव्हाना अर्धा स्टिकर निघाला होता. मुलीनं बरणीकडं बघितलं, मग आत्तींकडं बघितलं, आणि पळत जाऊन मालकाला घेऊन आली.

मालक हसू दाबत म्हणाले, ‘‘आवं मावशी, मशीनला दिसायला पुढंच लावावं लागतंय.’’

‘‘बरनी जरा फिरवाय तुजा हात दुखतोय का रं? मागं मोकळी जागा हाय की.’’

मालकांनी चहा मागवला. आत्ती स्टुलावर बसल्या आणि फळीवरच्या सगळ्या बरण्यांवरचे स्टिकर मागच्या बाजूला जाईपर्यंत हलल्या नाहीत. मी मात्र तोवर साबणाच्या वड्या निरखत दूर उभी होते.

त्याच वर्षी दिराची बदली उत्तरेत उंचावरच्या चौकीवर झाली. बर्फानं रस्ता बंद व्हायच्या आत शेवटच्या गाड्या वर जाणार होत्या. आत्तींनी घाईनं चटणी कांडली आणि मी खोकं कुरिअरला दिलं. त्यावरचा पत्ता गुळगुळीत कागदावर मशीननं छापलेला होता. वाटेत एका बरणीचं झाकण ढिलं झालं, तेल झिरपलं आणि कागदावरची अक्षरं पार उडाली. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं, की खोक्याचा कुठंच पत्ता नाही. आत्ती तेव्हा सांगलीत आमच्याकडंच येऊन राहिल्या होत्या. जेवताना ताटातली चटणी बाजूला सारायच्या.

एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. दूरच्या कुठल्या तरी गोदामातला माणूस हिंदीत बोलत होता. पत्ता नसलेलं खोकं त्यांनी उघडलं होतं आणि बरणीवरच्या स्टिकरवर त्याला माझा नंबर सापडला होता. ‘‘मॅडम, डिब्बे पर एक अम्मा हैं,’’ तो म्हणाला, ‘‘बहुत ग़ुस्से में हैं. फेंकने की हिम्मत नहीं हुई.’’

मी पत्ता सांगितला. त्यानं तो मोठ्या अक्षरांत हातानं लिहून घेतला, वरून रुंद चिकटपट्टी मारली आणि मला फोटो पाठवला. आत्तींनी तो फोटो मोठा करून करून बघितला.

खोकं शेवटच्या गाड्यांपैकी एकीत चढलं. दिराचा फोन आला तो खरखरतच. ‘‘आई, डबा पोचला! तेलानं माखलाय, पण पोचला.’’

‘‘डब्याचं ऱ्हाऊ दे. तू नीट हाईस का?’’

‘‘हाय की. सगळी भाकरीची वाट बघत बसल्यात हितं.’’ मागून चारपाच जणांचा हसण्याचा आवाज आला आणि फोन तुटला.

आत्तींनी फोन माझ्या हातात दिला. मग मला म्हणाल्या, ‘‘त्या गोदामातल्या मान्साचा पत्ता इचार. त्याला दोन बरन्या धाडू. आन् पत्ता हातानं लिव.’’