लॉर्नाचा आवाज बसला तो शनिवार

लॉर्ना ट्रेझाइज हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण तिचा आवाज ऑस्ट्रेलियातल्या घराघरांत जाऊन आलाय. कार्टूनमधला तो अस्वलाच्या पिल्लासारखा गुबगुबीत प्राणी, वाँबॅट, म्हणजे लॉर्ना. गालिच्यांच्या सेलची जाहिरात, लॉर्ना. बँकेला फोन केला की 'कृपया थांबा' म्हणत ताटकळत ठेवणारी बाई, तीही लॉर्नाच. टीव्हीच्या मालिकेत नर्स होती, तर तिला दुसऱ्याच वर्षी कड्यावरून ढकलून दिलं. सिनेमात तिची पाठ दिसली. चाळीस वर्षं ही बाई अभिनय करतेय, आणि दुकानात तोंड उघडेपर्यंत तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. उघडलं की संपलं. "अय्या, तुम्ही तो वाँबॅट ना? काढा ना आवाज." आणि ही काढते. माझा नुसता जळफळाट होतो.

मी नोलीन. तिच्या नाटकाचा ट्रक चालवते, दिवे सांभाळते, आणि तिला चार शब्द सुनावायचं कामही माझंच.

साठी उलटल्यावर तिला पहिल्यांदा मोठी भूमिका मिळाली. एकपात्री नाटक, दीपगृहात एकटी उरलेली बाई. गावोगाव प्रयोग करत आम्ही पोर्ट हॅलमला आलो तेव्हा लॉर्नाची झोप उडाली होती, कारण अ‍ॅडलेडच्या मोठ्या थिएटरच्या डॅफ्नी कॅव्हनाबाई तिथला प्रयोग बघायला येणार होत्या. त्यांना पटलं तर अ‍ॅडलेडला तीन आठवडे. नाही पटलं तर दौरा संपला की लॉर्ना परत वाँबॅट. "नोलीन," ती मला म्हणाली होती, "मला एकदा तरी माझा स्वतःचा चेहरा घेऊन लोकांसमोर उभं राहायचंय गं."

आणि आमच्या ऑफिसातल्या शहाण्यांनी प्रयोग ठेवला कधी, तर सप्टेंबरातल्या शनिवारी दुपारी दोनला. फुटबॉलची फायनल त्याच दुपारी, त्याच गावाच्या मैदानावर. साउथ ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या माणसानं असा गाढवपणा करावा? पोर्ट हॅलमचा संघ कित्येक वर्षांनी फायनलला पोचला होता. नाटकाला काळं कुत्रंही फिरकणार नव्हतं.

लॉर्ना तडक मैदानावर गेली, मी मागोमाग. मैदानाभोवती गाड्या लागलेल्या, लोक गाडीच्या टपावर बसून सॉस माखलेले खिम्याचे पॅटिस खातायत. क्लबचे सेक्रेटरी मर्विन हॅनफर्ड डोकं धरून उभे होते. त्यांचा कॉमेंट्रीवाला क्लॅरी आधीच्या सामन्यात इतका ओरडला होता की त्याच्या गळ्यातून अजून शब्द फुटत नव्हता.

"नाटकाची वेळ बदललीय, तेवढं माईकवर सांगाल का?" लॉर्नानं विचारलं.

मर्विनचे डोळे चमकले. "बाई, हा आवाज कुठंतरी ऐकलाय. तूच सांग की. पण मग कॉमेंट्रीही तूच करायची. मधल्या सुट्टीत नाटकाची हवी तेवढी जाहिरात कर."

"प्रयोग सातला करू," लॉर्ना मला म्हणाली. "डॅफ्नीबाईंना फोन कर."

"आणि गळा?"

"हळू बोलेन."

"तू? हळू?"

एव्हाना हा आवाज कुणाचा ते मर्विनला आठवलं होतं. त्यानं जाहीर केलं, "मंडळी, आज कॉमेंट्रीला आपल्या टीव्हीवरच्या वाँबॅटबाई." झालं, गावभर वाँबॅट. पहिला पाव तास बाईसाहेब अगदी बातम्या वाचल्यासारख्या बोलल्या. मग डेअरीवाल्या पेंगिलींच्या डार्सीनं पहिला गोल मारला, भोवतीच्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजले, आणि लॉर्ना खुर्ची सोडून उभी राहिली ती राहिलीच. काय सुटली होती. पोरं पळायच्या आधी तिचे शब्द पळत होते. लोक मैदानाकडे बघत होते की कान तिच्याकडे देत होते, कुणास ठाऊक. सुट्टीत तिनं नाटकाला यायचं आमंत्रणही दिलं, पण सगळ्यांचं लक्ष गुणफलकाकडे.

शेवटच्या सत्राआधी मी तिला मधाचं पाणी नेऊन दिलं आणि हळूच म्हटलं, "ऐक, हे जिंकले तर सगळा गाव क्लबात शिरेल आणि सोमवारपर्यंत बाहेर येणार नाही. नाटकाला मी आणि डॅफ्नीबाई. हरले तरच कुणी येईल."

"मला कळत नाही का ते?"

"मग जरा बेतानं."

तिनं पाणी पिऊन कप माझ्या हातात कोंबला आणि आधीपेक्षा दुप्पट जोरानं सुरू केलं.

भोंगा वाजला तेव्हा पोर्ट हॅलम चार गुणांनी मागं होतं. पण चेंडू डार्सीनं भोंग्याआधी झेलला होता, आणि आमच्या फुटबॉलमध्ये हातानं झेललेल्या चेंडूवर किक मिळते, म्हणजे एक किक त्याची बाकी होती. गोलाला सहा गुण. गोलखांबाला लागला तर एकच. टपांवर बसलेले सगळे उभे राहिले. लॉर्ना माईक आवळून म्हणत होती, "मार, डार्सी. मार, बाळा." आणि मी, जिला हे हरायला हवे होते, मी कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवर चढून दोन्ही मुठी आवळून उभी.

चेंडू छान उडाला, सरळ चालला होता, शेवटी वाऱ्यानं जरासा वळला आणि खांबाला लागला. 'टण' असं सगळ्यांनी ऐकलं. लॉर्ना "खांबाला..." एवढंच म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. पुढं काहीच नाही.

सातला हॉल तुडुंब भरला. क्लबात बसून एकमेकांची पडलेली तोंडं बघायची कुणात ताकद नव्हती, आणि घरी तरी करमणार कसं? डार्सी क्लबच्या जर्सीतच मागच्या रांगेत येऊन बसला, शेजारी त्याची आई. डॅफ्नीबाई तिसऱ्या रांगेत. आणि आत लॉर्नाच्या गळ्यातून नुसती हवा.

"रद्द करू," मी म्हटलं. मला रडू कोसळत होतं. तिनं नाही म्हणून मान हलवली आणि दिव्यांकडे बोट दाखवलं.

तिनं निम्मं नाटक गाळलं. उरलेलं कुजबुजत बोलली. ते ऐकायला अख्खा हॉल पुढं वाकला, कुणी खोकला तर त्याला शेजाऱ्याचं कोपर बसत होतं. दीपगृहाचा दिवा न दिसता होडी निघून जाते, तिथं तिचं पानभर भाषण आहे. त्या दिवशी ती नुसती दिवा धरून उभी राहिली आणि होडी गेली तिकडं बघत राहिली. मी तिथं अंधार करायचा असतो. नाही केला. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड तसाच ठेवला. इतक्या वर्षांच्या ओळखीत तो चेहरा मी असा पाहिला नव्हता. मागं डार्सीनं जर्सीत तोंड लपवलं होतं.

टाळ्या उशिरानं पडल्या, पण थांबेनात. डॅफ्नीबाई आत आल्या, कोटाची बटणं लावत म्हणाल्या, "मे महिन्यात, तीन आठवडे. आणि ते भाषण गाळलंत ना, ते गाळलेलंच राहू द्या." लॉर्ना तिथंच जमिनीवर बसली. मी नाचले, खोटं कशाला सांगू.

बाहेर डार्सीची आई वाट बघत उभी होती. मी मनात म्हटलं, आला वाँबॅट. तिनं लॉर्नाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, नीट निरखला आणि विचारलं, "नाव काय गं तुझं?"

लॉर्नानं तोंड उघडलं, पण गळा कुठला चालायला.

"लॉर्ना ट्रेझाइज," मी सांगितलं. आसपासचे दोघंतिघं वळले, म्हणून परत एकदा मोठ्यानं सांगितलं.