गोठ्यातल्या कोयी

बारा जुलै, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी इंदुरीच्या माझ्या घरामागील रिकाम्या गोठ्याचे दार उघडले, आणि माझ्या मुलीचे सासरे हे मावळातले सर्वांत उपद्रवी सज्जन आहेत, या माझ्या मतावर कायमचे शिक्कामोर्तब झाले.

हे व्याही कामशेतचे. जळण्याजोगी वस्तू वाया गेलेली त्यांना सोसत नाही. पवनेच्या रस्त्याला कोणी आंब्याच्या छाटणीच्या फांद्या बांधावर पेटवल्या होत्या. यांनी स्कूटर थांबवली आणि परक्याच्या शेतात शिरून त्या विझवल्या. मालक ओरडला, "आबा, शेत माजं, फांद्या माज्या!" "आन् धूर कुनाच्या नाकात चाललाय?" हे गरजले. "चुलीत जाळ की! हितं जाळून काय शिजतंय?" नातीच्या बारशाला तर त्यांनी कहर केला. पंगतीत आंबे वाढले होते आणि हे बादली घेऊन पानापानासमोर थांबत होते: "नीट चोखा मंडळी! गर ऱ्हायला तर लय धूर हुतो." माझ्या थोरल्या बहिणीने तोंडातली कोय मुकाट्याने बादलीत टाकली. तो अपमान ती आजही ऐकवते; त्यांना नव्हे, मला.

लोणावळ्याच्या एका चिक्कीवाल्याने त्यांना शब्द दिला होता. बारा तारखेला वाळलेल्या कोयी आणा, एक भट्टी दिवसभर त्यांवर चालवू. जमले तर पुढच्या हंगामापासून लाकूड बंद. त्या शब्दापायी यांनी खानावळी आणि लग्नाचे मांडव पालथे घातले, आणि माझा गोठा मला न विचारता भरला. भरलेला पाहिल्यावर कोयी फोडून वाळवा, असे मी बजावले. "आतलंच तर तेलकट आसतं पाव्हणं, त्येच जळतं." वर, माझ्या दारी माश्या नकोत म्हणून त्या धुतल्या, ओल्याच ढिगावर पोती पांघरली आणि दार लावून घेतले. उबेने वाळतील म्हणे.

मी दार उघडले तेव्हा पोती अधांतरी उचलली गेली होती. खाली तांबूस पानांची दाटी.

थोड्या वेळाने व्याही आले.

"पाहा," मी म्हणालो. "तुमचे जळण उगवले."

ते उकिडवे बसले. एक पोते अलगद बाजूला केले.

"कोंब खुडा आणि भरा पोत्यांत!" मी म्हणालो. "भट्टीला काय कळते? त्याने आजचा शब्द दिला आहे ना?"

"न्हाई वो पाव्हणं. वाया गेलेलं जाळायचं म्हनून निघालतो मी. ह्ये कुटं वाया गेलंय?"

न उगवलेल्या कोयी निवडल्या, त्या एक पोतेभर निघाल्या. तेवढे स्कूटरवर घालून ते लोणावळ्याला गेले आणि संध्याकाळी परतले.

"चिक्कीचा येक घाणा निघाला," ते म्हणाले. "मंग जळान सरलं. त्यो म्हनला, आबा, ऱ्हाऊ द्या आता."

त्यांनी चिक्कीचा पुडा माझ्यापुढे ठेवला. मी एक तुकडा खाल्ला. पाक उत्तम साधला होता. तसे त्यांना सांगितले. आठ दिवसांत गोठा मोकळा झाला पाहिजे, हेही सांगितले.

ते गेल्यावर मी शिडी लावली आणि रोपांवर उजेड पडावा म्हणून गोठ्याची चार कौले काढली.